जांबोटी भागात शेतावर राहून काम शिकायचंय : पावसाळ्यात काय करावं, काय खावं?

शहापूरकर : जून ते नोव्हेंबर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, रासायनिक खत न घालणाऱ्या शेतावर राहायचं ठरतंय. जेवण शेतावरच, पिकेल ते खायचं. खुरपं कधी हातात धरलेलं नाही. आल्याआल्या कुठलं काम शिकावं? तिकडच्या पावसात ताजी भाजी मिळते का? आणि जीवामृत नेमकं कसं करतात?

तरवा : तिकडे जूनमध्ये भाताशिवाय दुसरं बोलणंच नसतं, तेव्हा तिथूनच धरा. आधी बी निवडा. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतायचं, वर तरंगतं ते पोचट, काढून टाकायचं. तळाचं बी दोन-तीनदा साध्या पाण्यात धुऊन सावलीत सुकवायचं. धुवायला विसरलात तर मिठाने उगवण मार खाते.

एकराला साधारण चार गुंठे तरवा, म्हणजे रोपं वाढवायचे वाफे, लागतो. 21 ते 25 दिवसांचं रोप काढून एका चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीन काड्या, दोन चुडांत वीतभर अंतर ठेवून लावायच्या. रोप बोटाच्या एका पेराएवढंच खोल जावं. नवशिक्यांची चूक इथंच होते : रोप पडेल या भीतीने ते खोल दाबतात, मग फुटवे कमी येतात. खत म्हणून गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला चिखलात तुडवणार असाल तर लावणीआधी आठ-दहा दिवस तुडवा. पाला कुजत असतानाच लावलं तर रोपं पिवळी पडतात.

बाकी भांगलण, म्हणजे खुरप्याने तण काढणं. ती कोणी शिकवावी लागत नाही, कंबरच शिकवते.

कळकाचं_बेट : भाजीचं सांगतो. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात सपाट वाफ्यात मेथी टाकली तर कुजणारच. तीन फूट रुंद, फूटभर उंच गादी वाफा करा, दोन्ही बाजूंनी चर काढा. त्यावर पोकळा दर दहा-बारा दिवसांनी थोडा थोडा फोकायचा, 25-30 दिवसांत काढणीला येतो. दोडका, काकडी मांडवावर चढवा. भेंडी 45-50 दिवसांत सुरू होते, मग एक दिवस आड तोडलीच पाहिजे. चार दिवस राहिली की जून होते आणि झाडही नवीन फळ धरायला आळस करतं.

जून-जुलैत वाफे तयार होईपर्यंत बांधावरचं खा. टाकळ्याची कोवळी पानं फुलं येण्याआधी खुडून, उकडून, पाणी टाकून परतायची. अळू चिंच किंवा आमसूल घालून पुरतं शिजवा, कच्चं राहिलं की घसा खाजतो. कळकाचे (बांबूचे) कोंब बारीक चिरून रात्रभर भिजवायचे, पाणी बदलायचं, उकळून तेही पाणी ओतून द्यायचं. हे सोडू नका, कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. अळंबी मात्र जाणत्याने ओळखून दिल्याशिवाय तोंडात घालायची नाही.

काळीमाती_निपाणी : जीवामृत : 200 लिटरच्या प्लास्टिक पिंपात पाणी, 10 किलो ताजं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधाखालची मूठभर माती. पिंप सावलीत ठेवून वर गोणपाट टाका, घट्ट झाकण नको. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. दोन दिवसांनी वापरायला घ्या, आठवड्याच्या आत संपवा. एवढं एका एकराला पुरतं. फवारायचं असेल तर दुहेरी फडक्याने गाळा, नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं आणि अर्धा दिवस तारेने टोचत बसावं लागतं. मुसळधार पावसात ओतलेलं वाहून जातं, उघडीप बघा.

एक मात्र लक्षात घ्या. जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. रानात शेणखत, पालापाचोळा नसेल तर नुसतं जीवामृत ओतून पीक पोसत नाही.

शहापूरकर : आभारी आहे. सोबत काय काय आणू?

तरवा : गमबूट, दोन खुरपी, डोकं झाकायला खोळ. निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो. चिखलणीनंतर ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर काढा पीत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. चिखल्यांसाठी रोज रात्री बोटांच्या बेचक्या कोरड्या करून खोबरेल लावा.

कळकाचं_बेट : नोव्हेंबरात निघू नका हो. भात कापल्यावर ओल उडायच्या आत मसूर पेरतात, एकरी 12 ते 16 किलो बी. ती साधारण 100-110 दिवसांनी येते. म्हणजे फेब्रुवारी अखेर, आणि इकडची मसूर न खाता गेलात तर काय खाल्लंत!