अनुभव धागा: एअर जॉर्डन १ की स्टॅन स्मिथ? गोव्यात वापरलेल्यांनी लिहा

भाचीला पहिला पगार मिळालाय. त्यातून तिला स्वतःसाठी एकच चांगला जोड घ्यायचाय आणि तिचं मन दोन बुटांत अडकलंय. एक नायकीचा, बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या नावाचा, १९८५ साली बाजारात आलेला बास्केटबॉलचा उंच बूट. दुसरा आदिदासचा, टेनिसपटू स्टॅन स्मिथच्या नावाचा, पांढरा, टाचेवर हिरवा तुकडा असलेला. व्हिडिओ तिने ढीगभर पाहिले, पण ते करणारे कोरड्या हवेत राहतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल येते, वाटेवर चिऱ्याची तांबडी माती असते आणि देवळात जाताना बूट बाहेर काढावे लागतात. कोणता घेतला, का घेतला आणि पुढे त्याचं काय झालं, हे सविस्तर लिहाल तर तिला उपयोग होईल. मी फोंड्याला राहते, तीही इथेच.

पर्वरीहून

माझं मत जॉर्डन, उंच कॉलरचाच. १९८४ साली नायकीने एका नवख्या खेळाडूवर एवढा पैसा लावला, तेव्हा खुद्द जॉर्डनला आदिदास हवं होतं. त्याची आई डेलोरिस हिने आग्रह धरला म्हणून तो नायकीला भेटायला गेला. बूट पीटर मूरने आखला. लाल-काळ्या रंगावर एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने, आक्षेप घेतला, फेब्रुवारी १९८५ मध्ये तसं पत्रही आलं आणि नायकीने त्याचीच जाहिरात केली. पत्रातला बूट बहुधा नायकीचाच आधीचा, एअर शिप नावाचा होता, असं जाणकार सांगतात. तरी ती कहाणी जॉर्डन १ लाच चिकटली आणि मला ती आवडते. ज्याच्या नावाचा बूट त्याच्याचसाठी तो तयार झाला, स्टॅन स्मिथसारखं नाव नंतर दिलं नाही, ही गोष्ट मला मोठी वाटते.

वापराचं सांगतो. नवा असताना घोट्यापाशी टोचतो, मग कातडं नरम होतं आणि पायाला धरून बसतं. चवड्यावर सुरकुत्या पडतात, त्या मला शोभूनच दिसतात. मे महिन्यात दुपारी घालू नये, घोटा घामाने भिजतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र याच्यासारखा बूट नाही. पावसात माझा जोड कपाटातच असतो, कारण आतलं जाड अस्तर एकदा भिजलं की दोन-दोन दिवस वाळत नाही.

डिचोलीहून

मी स्टॅन स्मिथवाली. पहिला जोड मामाने आणला, तो तेव्हा बोटीवर होता. कातड्याचा जोड होता तो, आणि वापरून वापरून त्याचा पांढरा रंग सायीसारखा झाला.

आमच्याकडे चवथीला घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवत आरती म्हणणारा मेळ घरोघर जातो. प्रत्येक दारात पादत्राणं काढायची, आरती म्हणायची, प्रसाद घ्यायचा, पुन्हा घालायची आणि पुढच्या घरी. मी मेळात शमेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) वाजवते. आरती संपली की मेळ कुणासाठी थांबत नाही, आणि उंच बुटाच्या नाड्या सोडत-बांधत बसलेला माणूस मागेच राहतो. माझ्या चुलतभावाकडे जॉर्डन आहेत, त्या दिवशी तोही चपलाच घालतो. स्टॅन स्मिथच्या नाड्या थोड्या सैल ठेवल्या की पाय अलगद आत जातो. टाच मात्र चेपून घालू नका, हिरव्या तुकड्यामागचा आधार मोडतो आणि मग बूट चालताना निसटतो. छोटा शूहॉर्न, म्हणजे टाच आत सरकवायची पट्टी, पिशवीत ठेवा. मंगेशीला किंवा शांतादुर्गेला जातानाही हेच.

आता मातीचं. बुटाच्या बाजूला छिद्रांच्या तीन रांगा असतात, आदिदासच्या तीन पट्ट्या तिथे छिद्रांनी दाखवल्यात. आमच्या भागातली तांबडी धूळ नेमकी त्यांत बसते. ओली असताना पुसलीत तर ती आत रंग धरते. आधी पूर्ण वाळू द्या, जुन्या टूथब्रशने झाडा आणि मगच साबणाचं पाणी लावा.

भाचीला आणखी एक सांगा. २०२१ पासून आदिदासने नेहमीचा स्टॅन स्मिथ पुनर्वापरातल्या कृत्रिम साहित्याचा करायला घेतला. नंतर कातड्याचेही काही प्रकार आले, पण दुकानात दिसणारा प्रत्येक जोड कातड्याचा नसतो, तेव्हा लेबल वाचा. मी दोन्ही वापरलेत. कृत्रिम जोड पावसाळ्यात सोयीचा आहे, त्यावर बुरशी कमी धरते आणि तो लवकर पुसला जातो. पण पायाच्या आकाराचा होत जाणं त्यात नाही, आणि मला त्याचीच उणीव भासते.

म्हापशाहून

मी जुने स्नीकर गोळा करतो, म्हणून साठवणीबद्दल लिहितो. गोव्यात बूट वापरून कमी आणि ठेवून जास्त खराब होतात. पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या दमटपणाने आतून तुटत जातो. १९८८ चा जॉर्डन ३ आणि १९८९ चा जॉर्डन ४ यांचे तळ त्याच फोमचे. एकदाही न घातलेला जोड काही वर्षांनी पायात घालावा आणि तळाचा भुगा व्हावा, हे मी माझ्या घरात पाहिलंय. जॉर्डन १ आणि स्टॅन स्मिथ या दोघांच्याही तळाला बाहेरून रबराची वाटी असते, त्यामुळे या बाबतीत दोन्ही टिकाऊ. गोंद मात्र दोघांचाही सुटू शकतो.

खोक्यात बंद करून ठेवू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे आणि सिलिका जेलच्या पुड्या घाला, कपाटाचं दार दुपारी उघडं ठेवा. आमच्याकडे कपड्यांच्या कपाटात पावसाळाभर कमी वॅटचा बल्ब लावतात, त्याच कपाटात खालच्या फळीवर बुटांना जागा दिली की पुरे. बुरशी दिसली तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, मग जरा साबण लावा आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवलं तर कातडं तडकतं आणि पांढरा तळ पिवळा पडतो.

नकली माल दोन्हींचा भरपूर फिरतो. बुटाच्या आतल्या लेबलावरचा स्टाइल नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा. तो जुळला म्हणजे बूट खराच असं नव्हे, पण जुळला नाही तर तिथेच परत द्या.

कुठ्ठाळीहून

वेर्ण्याला कारखान्यात शिफ्टला मोटरसायकलने जातो. गिअर वर टाकताना डाव्या बुटाच्या चवड्यावर काळा पट्टा उमटतो. पांढऱ्या बुटावर तो जातच नाही. म्हणून मी पुढचा भाग काळा असलेला जॉर्डन घेतला. भाची स्कूटर चालवत असेल तर हा प्रश्नच नाही.

मडगावहून

मापाकडे लक्ष द्या. स्टॅन स्मिथ मला नेहमीच्या नंबरात मोठा झाला, अर्धा नंबर लहान घ्यावा लागला. असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. जॉर्डन माझ्या नेहमीच्या नंबरात बसला. संध्याकाळी जाऊन घालून बघा, दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगलेला असतो.

नावाबद्दल पर्वरीकरांना सांगावंसं वाटतं. स्टॅन स्मिथचा बूट आधी फ्रेंच टेनिसपटू रोबेर आयेच्या नावाने निघाला होता, हे खरं. पण १९७१ चं यूएस ओपन आणि १९७२ चं विम्बल्डन जिंकलेल्या माणसाचं नाव आणि जिभेवर त्याचा चेहरा, हे काही उसनं मोठेपण नाही. मुलं त्याला बुटामुळेच ओळखतात, म्हणून मी माझ्या मुलाला त्याच्या जुन्या मॅचेस दाखवल्या.

पणजीहून

बास्केटबॉल खेळतो, म्हणून एवढंच: यांतला कुठलाही खेळायला घेऊ नका. १९८५ चा तळ आजच्या बुटांपुढे कठीण लागतो. उडी मारून उतरताना गुडघ्याला कळतं. उंच कॉलर घोट्याला आधार देते असं वाटतं, पण आजचे बरेच खेळाडू कमी उंचीचे बूट घालूनच खेळतात. मॅचला वेगळे बूट आणि मॅचनंतर मित्रांबरोबर मिरामारला जाताना जॉर्डन, असं मी करतो. किनाऱ्यावर मात्र ते हातात घ्यावे लागतात, कारण वाळू सुखतळ्याखाली शिरली की टाचेला घासत राहते. सुखतळा बाहेर काढून झटकता येतो. भाचीचा रोजचा रस्ता कोणता आहे, चालत जाते की स्कूटरने, तेवढं इथे लिहा. मग नक्की सांगता येईल.