मदत हवी आहे: अपडेटनंतर आयडीई जुनाच कोड दाखवतोय

घामट_डेव्ह:
गेल्या आठवड्यात आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) अपडेट केला, तेव्हापासून नुसता वैताग आहे. गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) ब्रँच, म्हणजे कोडची शाखा, बदलली तरी आधीच्या ब्रँचचाच कोड दिसतो. टर्मिनलमध्ये तीच फाइल कॅट कमांडने उघडली की बरोबर. चांगल्या ओळींखाली लाल रेघा, आणि खाली 'इंडेक्सिंग' (कोडची सूची बनवणं) फिरतंय ते फिरतंयच. काल तर कहर झाला. एका फंक्शनचं नाव रिनेम केलं, ते डेटाबेसच्या एसक्यूएल क्वेरीच्या मजकुरातही (स्ट्रिंगमध्ये) बदललं आणि टेस्ट सर्व्हरवर क्वेरी पडली. वर्षाचे पैसे मोजून घेतलेलं साधन आहे हे! दर अपडेटला काहीतरी नवं येतं आणि रोजचं काम बिघडतं. शुक्रवारी रिलीज आहे. लवकर सांगा.

प्रश्नवेडी:
ओएस कुठली? रॅम किती? आयडीई कुठला?

जुनंखोड:
विम हा टर्मिनलमधला एडिटर वापरा. १९९१ पासून आहे. अपडेट आला म्हणून माझं काम कधी अडलेलं नाही.

घामट_डेव्ह:
तीन दिवसांत विम शिकून रिलीज कसा करू? लिनक्स, १६ जीबी. आयडीईचं नाव नको, लायसन्स ऑफिसचं आहे. कॅशे (साठवलेली तात्पुरती माहिती) उडवून दोनदा रीस्टार्ट केलं. थोडा वेळ बरं चालतं, मग पुन्हा तेच.

कर्जतलोकल:
विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसच्या स्कॅनमधून प्रोजेक्टचं फोल्डर वगळा. माझा बिल्ड बराच सुधारला.

प्रश्नवेडी:
अहो, ते लिनक्सवर आहेत.

जुनंखोड:
विम उघडला की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ येते. विम लिहिणारे ब्राम मोलेनार २०२३ मध्ये गेले, तरी लोक काम पुढे नेतायत. पैसे घेणाऱ्यांना एवढी आस्था आहे का?

मीठभाकर:
काका, आस्थेने कोड पूर्ण होत नाही. विमला लँग्वेज सर्व्हर (कोड समजून चुका दाखवणारा प्रोग्रॅम) जोडलात की हीच दुखणी तिथेही येतात. घामट, मागच्या आवृत्तीवर परत जा. ऑफिस मुंबईत सीप्झला का? मेट्रो ३ ने गर्दी कमी लागते का हो?

घामट_डेव्ह:
सीप्झच. आरे ते बीकेसी २०२४ च्या ऑक्टोबरला सुरू झाली तेव्हापासून मेट्रोनेच जातो. पण आधी माझं बघा ना. आवृत्ती बदलायला आयटीची परवानगी लागते.

प्रश्नवेडी:
त्याच आठवड्यात आणखी काय बदललं? कर्नल (लिनक्सचा गाभा) कुठला?

घामट_डेव्ह:
काहीच नाही. उबुंटू २०.०४, कर्नल ५.४. हां, फ्रंटएंडवाली सुट्टीवर आहे म्हणून तिचा रेपोही (कोडचा साठा) माझ्याकडे आलाय. तो दुसऱ्या एडिटरमध्ये उघडा असतो, डेव्ह सर्व्हरही चालू.

प्रश्नवेडी:
हे आधी सांगायचं होतं! फाइल बदलली हे आयडीईला कर्नलच्या आयनोटिफाय या सोयीकडून कळतं. त्यात प्रत्येक फोल्डरला एक वॉच (नजर ठेवायची नोंद) लागतो, आणि मर्यादा एका यूजरच्या सगळ्या प्रोग्रॅम्सना मिळून असते. ५.४ वर ती ८१९२. त्या फ्रंटएंड रेपोच्या नोड मॉड्यूल्समध्ये (लायब्ररींचं फोल्डर) हजारो फोल्डर असतात, तेच सगळे वॉच खातात. मग आयडीईला बदल कळत नाहीत. रीस्टार्टला आयडीई सगळं नव्याने वाचतो म्हणून थोडा वेळ बरं वाटतं. ५.११ पासून कर्नल रॅम बघून मर्यादा ठरवतो. तुम्ही सिसकटीएलमध्ये (कर्नलची सेटिंग्ज) 'मॅक्स यूजर वॉचेस' ५२४२८८ करा. आणि २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२५ मध्ये संपलाय, तेही आयटीच्या कानावर घाला.

घामट_डेव्ह:
८१९२ च निघाले. वाढवून तीनदा ब्रँच बदलली, तिन्ही वेळा कोड बरोबर. खूप आभार, दोन रात्री वाया गेल्या होत्या. पण रिनेम अजून स्ट्रिंगमध्ये घुसतंय.

मीठभाकर:
रिनेमच्या खिडकीत 'स्ट्रिंग आणि कॉमेंटमध्येही शोधा' याला टिक आहे का?

घामट_डेव्ह:
आहे. मी केलेली नाही. शेजारच्याच्या मशीनवर जुनी आवृत्ती आहे, तिथे चौकट रिकामी आहे. अपडेटने न विचारता सेटिंग बदललं तर याच्या हाती कोड द्यायचा कसा? दोन फाइलींचा छोटा प्रोजेक्ट करून बग नोंदवतोय.

कर्जतलोकल:
विंडोजवर ते ८१९२ कुठे बघायचे?