शब्दचर्चा : ‘कब्बाला’ला मराठीत काय म्हणावे?

ज्यूंच्या आध्यात्मिक परंपरेवरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘कब्बाला’, म्हणजे त्यांची गूढचिंतनाची परंपरा, हा शब्द पानोपानी येतो. आतापर्यंत मी ‘गुह्यविद्या’ लिहीत आले, पण ते वाचताना गंडेदोरे आणि मंत्रतंत्र डोळ्यांपुढे येतात. मूळ शब्दात तसे काही आहे का? शिवाय ‘त्सिमत्सुम’साठी, म्हणजे जगाला जागा व्हावी म्हणून ईश्वराने स्वतःला आत ओढून घेण्यासाठी, ‘संकोच’ चालेल का?

प्रतिसाद १

मूळ शब्दात गुप्ततेचा मागमूस नाही. हिब्रू धातू क-ब-ल, अर्थ घेणे, स्वीकारणे. हाच धातू अरबीतही आहे आणि तिथून फारसीमार्गे तो आपल्या बोलण्यात कधीचाच मुरला आहे: कबूल, कबुली, कबुलायत. आजच्या इस्राएलात दुकानदार पैसे घेऊन जो कागद हातात ठेवतो, त्यालाही ‘कबाला’च म्हणतात. म्हणजे पावती. आणि आपली ‘पावती’ही ‘पावणे’ म्हणजे मिळणे, यावरूनच आली ना? मला हा मेळ फार आवडतो.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचे, स्वागत करतात, ते ‘कब्बालात शब्बात’. तेव्हाचे ‘लेखा दोदी’ हे गीत साफेदच्या (आजच्या उत्तर इस्राएलातले गाव) श्लोमो अल्काबेत्स यांनी १६व्या शतकात रचले. आपल्याकडच्या बेने इस्राएल समाजाच्या प्रार्थनेतही ते आहे.

‘पिर्के आवोत’ या ज्यू नीतिवचनांच्या जुन्या संग्रहाची सुरुवातच अशी आहे की मोशेने सिनाय पर्वतावरून तोरा, म्हणजे धर्मशास्त्र, घेतली आणि यहोशवाला सोपवली. ‘घेतली’साठी तिथे ‘किब्बेल’ आहे, म्हणजे हाच धातू. ११६१ च्या सुमारास अब्राहाम इब्न दाऊद यांनी स्पेनमधल्या तोलेदो शहरात लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातही ‘कब्बाला’ आहे, पण त्यात गूढ काही नाही. कोणत्या गुरूकडून कोणी विद्या घेतली, याची ती साखळी आहे. पुढे प्रोव्हान्स आणि स्पेनमधल्या गूढचिंतकांनी आपल्या शिकवणीला हे नाव लावले. ‘आम्ही रचले नाही, आमच्या हाती आले’ हा त्यामागचा दावा. ‘झोहर’ हा कब्बालाचा प्रमुख ग्रंथ १३व्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आला, तोही दुसऱ्या शतकातल्या धर्मगुरू शिमोन बार योहाय यांच्या नावावर. त्यातला मोठा भाग मोशे दे लेओन यांच्या हातचा, असे अभ्यासक मानतात. नव्यालाही घेतलेले म्हणूनच उभे राहावे लागले, इतका हा शब्द त्यांच्यासाठी वजनदार होता.

म्हणून ‘गुह्यविद्या’ काढाच. मी ‘संप्रदाय’ सुचवेन. सम्, प्र आणि दा, म्हणजे गुरूने पूर्णपणे सोपवलेले.

प्रतिसाद २

व्युत्पत्ती पटली, शब्द नाही पटला. ‘संप्रदाय’ म्हटले की आज वारकरी, नाथ, महानुभाव असा लोकसमुदाय आठवतो. वाचक कब्बालाला ज्यूंमधला एखादा वेगळा पंथ समजेल आणि ते चुकीचे होईल. शिवाय ‘संप्रदाय’ देणाऱ्याच्या बाजूने बोलतो, ‘कब्बाला’ घेणाऱ्याच्या. हिब्रूत देण्याच्या बाजूचा शब्द वेगळा आहे, ‘मसोरा’. घेणाऱ्याची बाजू मराठीत क्रियापदात सापडते. आपण ‘अनुग्रह घेतला’, ‘उपदेश घेतला’ म्हणतो. तेव्हा शब्द ‘कब्बाला’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘गुरूकडून घेतलेले ज्ञान’ एवढे जोडा. ‘कबाला’ मात्र लिहू नका, दस्तऐवजांत त्याचा अर्थ खरेदीखत आहे. तोही याच धातूचा, हे खरे.

आता ‘त्सिमत्सुम’. ही कल्पना साफेदच्या इसहाक लुरियांची. १५७० च्या सुमारास ते तिथे आले, १५७२ मध्ये वारले. स्वतः फारसे लिहिले नाही. शिष्य हाइम वितल यांनी बरेचसे लिहून ठेवले. सर्वत्र एन सोफ, म्हणजे अनंत ईश्वरच, भरलेला, मग जगाला जागा कुठे? म्हणून त्याने स्वतःला आत ओढून घेतले. इथे ‘देवाने संकोच केला’ लिहिलेत तर वाचेल तो म्हणेल, देव लाजला! काश्मिरी शैव दर्शनात ‘संकोच’ परिभाषा म्हणून शोभतो, चालू मराठीत तो भिडेचा शब्द झाला आहे. ‘आकुंचन’ स्नायूंचे. मला तर एसटीतला बाक आठवतो. उभ्या बाईला बसता यावे म्हणून आपण अंग चोरून घेतो, तेच हे. ‘अनंताने अंग चोरले आणि जगाला जागा झाली’ असे मी लिहीन.

‘तिकून’लाही, म्हणजे मोडलेल्या जगाच्या दुरुस्तीलाही, ‘उद्धार’ नको. उद्धार वरून होतो. लुरियांच्या कथेत प्रकाशाची पात्रे फुटून ठिणग्या विखुरल्या आहेत आणि त्या गोळा करणे माणसाच्या हाती आहे, प्रत्येक प्रार्थनेतून, प्रत्येक आज्ञापालनातून. सायकल दुरुस्तीलाही हिब्रूत ‘तिकून’च म्हणतात. ‘डागडुजी’ लिहायला कचरू नका.

प्रतिसाद ३

‘एन सोफ’ला ‘अनंत’ अगदी बिनधोक. एन म्हणजे नाही, सोफ म्हणजे शेवट. पण दहा ‘सेफिरोत’ना, म्हणजे एन सोफ ज्यांतून प्रकट होतो त्या दहा रूपांना, कोणी ‘चक्रे’ म्हणत असेल तर कृपा करून टाळा. तो धातू मोजण्याचा आहे. आपला ‘सिफर’ त्याचा भाऊ वाटतो, पण तो अरबीतल्या दुसऱ्याच अक्षराने सुरू होतो आणि रिकामेपणाचा, ‘शून्य’चा अनुवाद आहे. दहावी सेफिरा ‘मलखुत’ (राज्य) मात्र खरेच आपल्या ‘मुलूख’ची नातलग.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. ‘कब्बाला’ ठेवते. ‘अंग चोरणे’चा दुसरा अर्थ कामचुकारपणाचा, त्यामुळे ते वाक्य असे केले आहे: ‘अनंताने अंग चोरून जगाला जागा करून दिली.’ सेफिरा हिब्रूत स्त्रीलिंगी आहे, मराठीतही तशीच ठेवते: ती सेफिरा, त्या दहा सेफिरोत.