फुटलेला बंपर आणि शनिवारची पेंच सहल

ए-१०२ काकू: व्हिजिटर पार्किंगमध्ये काल रात्रीपासून बंपर लोंबकळणारी गाडी उभी आहे. खालून हिरवं पाणी गळतंय. कोणाची ते सगळ्यांना माहीत आहे, मी नाव घेत नाही.

बी-३०४: काकू, माझीच आहे. रात्री १ ला आलो तर माझ्या जागेवर स्कूटर होती. कोणाची ते मीही नाव घेत नाही. अमरावतीहून येताना कोंढाळी ओलांडल्यावर रोही (नीलगाय) आडवा आला. घरचे सगळे ठीक आहेत. ११ वाजता क्रेन येतेय.

सी-२०१: बाप रे भाऊ! आणि रोही?

बी-३०४: लंगडत शेतात गेला. वनखात्याच्या १९२६ ला फोन करून किलोमीटरच्या दगडाचा आकडा सांगितला.

ए-५०१ काका: स्पीड किती होता ते सांगा आधी.

बी-३०४: लागली तेव्हा ४०.

ए-५०१ काका: म्हणजे ७०.

ए-१०२ काकू: व्हिजिटर पार्किंग व्हिजिटरसाठी आहे. एजीएममध्ये ठरलंय.

बी-१०३ ताई: ते हिरवं पाणी कूलंट आहे, इंजिन थंड ठेवणारं. चवीला गोड असतं म्हणून कुत्री चाटतात आणि त्यांच्या किडन्या जातात. काळू तिथेच झोपतो. कोणीतरी आधी माती टाका तिथे!

ए-१०२ काकू: काळूला जिन्याखाली खायला घालणं थांबवलं असतं तर तो तिथे झोपलाच नसता. हा विषय जुना आहे.

बी-१०३ ताई: जुना आहे ना काकू, मग राहू द्या 🙏

सेक्रेटरी: वॉचमन माती टाकतोय, काळूला मागे बांधलाय. कृपया विषयावर या.

सी-४०२: सर, विषय नेमका कुठला? पार्किंग, कुत्रा की रोही?

बी-३०४: विषय शनिवारची पेंच सहल. पहाटे ३ ला बस काढू नका एवढंच म्हणणं आहे. काल आधी मादी गेली. ब्रेक मारला, गाडी जवळपास थांबली. ती गेली म्हणून वेग घेतोय तोच तिच्या मागून नर. डोळे चमकताना दिसतात म्हणतात ना? तो पूर्ण आडवा होता, डोळे दिसलेच नाहीत. लाईटमध्ये एकदम राखाडी अंग आणि गळ्याखालचा पांढरा पट्टा. काचेवर आला असता तर आज हा मेसेज टाकायला मी नसतो.

डी-२०३: समृद्धीने यायचं ना.

बी-३०४: तिथे काय जनावरं टोल बघून परत फिरतात?

ए-५०१ काका: पेंचच्या रस्त्यावर हा प्रश्नच नाही. मनसर ते खवासा अख्खा रस्ता उचललाय. वर गाड्या, खाली जनावरं. काम चालू होतं तेव्हा मी नेहमी जायचो.

सी-४०२: काका, अख्खा नाही. जनावरांसाठी ९ ठिकाणी मार्ग सोडलेत, सगळ्यात लांब ७५० मीटरचा. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने खाली कॅमेरे लावले तेव्हा १८ जातींची जनावरं दिसली, वाघसुद्धा. उपयोग होतो यात वादच नाही. पण कामठी, कन्हान सोडल्यावर मनसरपर्यंत शेतंच शेतं आहेत. तिथल्या रानडुकराला पुढचा पूल कोण दाखवणार?

ए-५०१ काका: वाघ पुलाखालून जातो हे मी आधीच सांगितलं होतं, तेव्हा हसलात.

सी-२०१: काका, तेव्हा तुम्ही बिबट्याचा फोटो टाकला होता आणि ती मांजर निघाली 😂

ए-५०१ काका: फोटो लांबून होता.

डी-२०३: बोरच्या जंगलातला बाजीराव वाघ याच अमरावती रोडवर गाडीखाली गेला, बाजारगावजवळ, २०१७ च्या डिसेंबरात. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलात कसं, २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ रस्ताच बंद असतो. इथेही करा.

सी-३०१: करा ना. आणि माझ्या ट्रकांचे हप्ते तुम्ही भरा. माल रात्रीच निघतो, दिवसा शहरात शिरू देत नाहीत.

सी-४०२: पेंचचा रस्ता म्हणजे श्रीनगर ते कन्याकुमारी महामार्ग, तो रात्री बंद करणं शक्य नाही. म्हणून तर पूल बांधले.

सी-३०१: धन्यवाद. कोणीतरी बोललं.

ए-१०२ काकू: व्हिजिटर पार्किंग व्हिजिटरसाठी आहे.

बी-१०३ ताई: मागच्या सहलीत बसमधून माकडांना बिस्किटं टाकली गेली. त्याच सवयीने ती रस्त्याच्या कडेला बसतात आणि चाकाखाली येतात. यंदा नको.

ए-१०२ काकू: माझ्या नातवाने टाकली. लहान आहे तो.

बी-१०३ ताई: हो, पण पुडा फोडून कोणी दिला?

सेक्रेटरी: 🙏🙏 सफारी सकाळच्या फेरीची आहे, बदलता येत नाही. शुक्रवारी दुपारी ४ ला निघून उजेडात पोचू, तिथेच मुक्काम करू. वर्गणी वाढेल. चालेल?

डी-२०३: शुक्रवारी सुट्टी कोण देणार, तुम्ही?

सी-२०१: मलाही जमणार नाही. पहाटेच बरं.

सी-४०२: पहाटेच जायचं तर ड्रायव्हरला आत्ताच सांगून ठेवा. ६० च्या वर नाही. जनावर दिसलं की लाईट लो, हाय बीममध्ये ते जागीच गोठतं. स्टीअरिंग ओढायचं नाही, आपल्या लेनमध्ये सरळ ब्रेक. आपली बस ट्रॅव्हलर आहे, ती उंच असते, झटक्यात वळवली तर आडवी होते. आणि एक गेलं की दुसऱ्याची वाट बघायची, लगेच दाबायचं नाही.

बी-३०४: हेच तर मी म्हणतोय. पण लक्षात कोण घेतंय? आमच्या चार सीट कॅन्सल करा.

सेक्रेटरी: भाऊ, पैसे परत मिळणार नाहीत. आधीच कळवलं होतं.

बी-३०४: राहू द्या. काळूच्या बिस्किटांना घ्या.

बी-१०३ ताई: 🙏

सेक्रेटरी: ठीक. पहाटे ३ ऐवजी ३.३०. वेग ६०. १९२६ आणि महामार्गाचा १०३३ दोन्ही नंबर सेव्ह करून ठेवा. ड्रायव्हरशेजारी कोणीतरी जागं राहणारं हवं.

ए-५०१ काका: मी बसतो. मला रात्री झोप येतच नाही.

सी-२०१: काका, तुम्ही बोलायला लागलात की ड्रायव्हरलाही येणार नाही.

ए-५०१ काका: मग उत्तमच.

डी-२०३: मला मागची सीट नको, मळमळतं. आधीच सांगून ठेवतोय.