शब्दचर्चा : 'मानलेलं' म्हणजे खोटंच का?

दांडियाबाजार, बडोदे

भाचीने पेचात टाकलंय. ती इथल्या सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्र शिकते, शिकवणं अर्थातच इंग्रजीतून. आता मंडळात तिला मराठीत बोलायचंय आणि पहिल्याच वाक्याला गाडी अडली. "मावशी, सोशल कन्स्ट्रक्टला काय म्हणू?"

मी ठोकून दिलं, "सामाजिक रचना." तर म्हणे, ते झालं स्ट्रक्चर. तिला हवी आहे ती माणसांनी मिळून मानल्यामुळेच अस्तित्वात असलेली, पण प्रत्येकाला भिंतीसारखी टणक लागणारी गोष्ट. पीटर बर्जर आणि थॉमस लकमन यांनी १९६६ साली हे सविस्तर मांडलं. दोन माणसं सोयीसाठी एखादी सवय लावून घेतात. त्यांच्या मुलांना ती सवय 'रीत' म्हणून मिळते आणि नातवंडांना वाटतं, जगात असंच असतं.

मी 'मानलेलं वास्तव' सुचवलं. ती हसली. "मानलेलं म्हटलं की लोक खोटं समजतील." मानलेला भाऊ खोटा असतो का हो?

ज्या संस्थानाने १९३१ साली कारभारासाठी आठ भाषांचा 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' काढला, त्या गावात बसून एक शब्द सापडू नये याची लाज वाटते.

जुना कॅशियर

ताई, बडोद्यातच नोटा मोजण्यात जन्म गेला, म्हणून बोलतो. ८ नोव्हेंबर २०१६ची रात्र आठवा. बाराच्या आधी आणि बाराच्या नंतर पाचशेची नोट तीच होती. कागद तोच, शाई तीच, गांधीजीही तेच. फक्त ती 'चालेनाशी' झाली.

मराठीने हे फार आधी ओळखलंय. नोट 'चालते', म्हणून ती 'चलन'. आणि हेच क्रियापद आपण घरातही लावतो : "आमच्यात चातुर्मासात कांदा चालत नाही." कांद्यात काही बिघडलेलं नसतं. चाल, चालरीत, चालीरीती, सगळं एकाच धातूचं. इथे गुजराती दुकानदार दिवसातून पन्नासदा 'चालशे' म्हणतो, तेही तेच.

आमच्या आजोबांच्या पेटीत बाबाशाही रुपये होते, बडोदे संस्थानचं स्वतःचं नाणं. पुढे इंग्रजी रुपया आला आणि ते चालेनासे झाले. चांदी मात्र चांदीच राहिली, सोनार आजही घेईल. माझं मत 'चालतं वास्तव'.

ग्वाल्हेरकर

एवढी धावपळ कशाला? शब्द तयार आहे. अद्वैतात सत्तेचे तीन प्रकार : पारमार्थिक, व्यावहारिक, प्रातिभासिक. दोरीवर दिसणारा साप प्रातिभासिक, बाजारातला व्यवहार व्यावहारिक. 'व्यावहारिक सत्य' म्हणा आणि मोकळे व्हा.

दांडियाबाजार

हे मीही भाचीला ऐकवलं. तिची हरकत मला पटली. अद्वैतात विंध्याद्री आणि नर्मदासुद्धा व्यावहारिकच. तिला तर नेमकी तीच फोड करायची आहे. माणूस नसता तरी नर्मदा वाहिली असती, पण जिल्ह्याची हद्द नसती. शंकराचार्यांची रेघ वेगळ्या जागी पडते.

शिवाय 'व्यावहारिक' म्हटलं की आमच्याकडे लग्नातला वहेवार आठवतो, कोणाकडून कितीचं पाकीट आलं याची वही!

मालेगावचा

बडोद्याची चर्चा आणि कवळाण्याचं नाव नाही? आमच्या तालुक्यातलं गाव. तिथला गोपाळराव १८७५मध्ये बारा वर्षांचा असताना बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंना दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. त्या दिवसापासून बाप बदलला, पितर बदलले, सोयरसुतक बदललं. रक्ताचा एक थेंब इकडचा तिकडे नाही. आता त्यांना कोणी 'मानलेले महाराज' म्हणतं का? त्यांनी १९०६मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते काही मानलेलं नव्हतं.

पण नुसतं मानून हे झालं नाही, हेही लिहून ठेवा. दत्तविधान लागलं, इंग्रज सरकारची मंजुरी लागली. भाऊ कोणीही मानावा, महाराज मानायला कागद लागतो.

वाचते फक्त

सहसा लिहीत नाही. पण सगळी उदाहरणं गोडच निघाली म्हणून लिहिते.

'विटाळ' घ्या. कुठल्याही भिंगाखाली तो दिसत नाही. १९१७मध्ये डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला आले, परदेशात शिकून, याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. गावात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी उतारशाळेत पारशी नावाने राहिले, तर काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना तिथूनही बाहेर काढलं. ते कमाटी बागेत जाऊन बसले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

विल्यम आणि डोरोथी थॉमस यांनी १९२८मध्ये मांडलं की लोकांनी एखादी परिस्थिती खरी धरली, की तिचे परिणाम खरे होतात. बडोद्यात ते अकरा वर्षं आधीच दिसलं होतं.

म्हणून 'मानलेलं' मला नको, पण भाचीच्या कारणासाठी नव्हे. 'मानणं' फार राजीखुशीचं क्रियापद आहे. भाऊ मानतात, देव मानतात, आभार मानतात. विटाळ मानला एकांनी, उन्हात बसले दुसरे. आणि कॅशियरकाका, 'चालत नाही' हेही त्या उतारशाळेच्या दारात उभं राहून म्हणून बघा.

जुना कॅशियर

शब्द मागे घेतो. नोटांपुरता राहू द्या.

काना-मात्रा

रात्रभर प्रत्यय घोळवत होतो. -ईव लागून बनलेले शब्द पाहा : कोरीव, आखीव, पाळीव, ऐकीव, मानीव. पैकी 'मानीव' महाराष्ट्रातल्या सोसायट्यांनी पळवला. 'मानीव अभिहस्तांतरण' (बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर केली नाही, तरी ती केली असं धरणं) ऐकलं की बिल्डरच आठवतो. 'ऐकीव'ला अफवेचा वास. उरतो तो 'घडीव'.

घडीव दगड खोटा दगड नसतो. घडवलेला असतो आणि डोक्यात बसला तर लागतोही. आपल्याकडे दोन म्हणी शेजारी शेजारी नांदतात, हे आजवर लक्षात आलं नव्हतं. 'मानला तर देव, नाही तर धोंडा' आणि 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही'. पहिलीत श्रेय भक्ताला, दुसरीत टाकीला. 'वाचते फक्त' ताईंचं म्हणणं दुसरीच्या बाजूचं आहे, असं मला वाटतं.

ग्वाल्हेरकर

मग साधा 'रूढ' का नको? वापरातला आहे, शाळेतल्या व्याकरणातही भेटतो.

काना-मात्रा

कारण 'रूढ' 'रुह्' धातूवरून आलाय, म्हणजे उगवणं, वाढणं. रूढी जणू आपोआप उगवली, गवतासारखी. कोणी पेरली, कोणी पाणी घातलं, हे त्या शब्दात बुजून जातं. आतल्या माणसाला ती रूढ दिसते, बाहेरून पाहणाऱ्याला घडीव. बर्जर-लकमनांच्या त्या नातवंडांना विचाराल, तर ती 'रूढ'च म्हणतील.

दांडियाबाजार

भाचीला सगळा धागा वाचून दाखवला. व्याख्यानाचं नाव 'घडीव वास्तव' ठरलं. 'रूढ' आणि 'घडीव' हा फरक ती काका-मात्रांचं (चुकले, काना-मात्रांचं!) नाव घेऊन सांगणार आहे.

आता उलट क्रियेला शब्द हवा होता. 'विरचना' तिला जड वाटला. कॅशियरकाकांच्या नोटांवरून मला 'मोडीत काढणे' सुचलं. जुनं भांडं मोडीत काढतात, तसं. तिला आवडलं. फक्त एका वाक्याशी कालपासून अडून बसलीये : विटाळ 'मोडीत निघाला' लिहू, 'निघतोय' लिहू, की 'काढायचा आहे'?