गवती हॅटचा काठ आणि माथा पूर्ववत कसा करावा?

प्रश्न (सातारा): महाबळेश्वरच्या बाजारात घेतलेली गवती हॅट प्रवासात पिशवीत दबून तिचा माथा खचला आहे व काठ वाकडा झाला आहे, घरी दुरुस्त करता येईल का?

उत्तर (सांगली): येईल, परंतु कोरडे गवत वाकवू नका, ते तडकते. किटलीच्या वाफेवर हॅट वीतभर अंतरावर फिरवत धरा, गवत मऊ पडले की माथ्यात टॉवेल ठासून खाच आतून हलकेच बाहेर काढा आणि काठ सपाट फळीवर पुस्तकांखाली ठेवून रात्रभर सावलीतच वाळू द्या.

उत्तर (कराड): हॅट कागदी विणीची असल्यास वाफ अगदी थोडी द्यावी, कारण ओला कागद फाटतो. यापुढे ती माथ्याला चिमटीत न धरता काठाने उचलावी.

प्रश्नकर्ती: माथा छान उठला! काठाला उद्या पुन्हा वाफ देते.