प्रति: सरासरी वेग तेवढाच, मग रस्त्याची रचना बदलून काय साधलं?
सरासरीवरून निकाल लावणं पटलं नाही. कोंडीत रांगणाऱ्या गाड्या सरासरी खाली ओढतात, रात्री सुसाट जाणारा त्यात लपतो. रस्ता मोकळा असताना शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात, तो आकडा बघा. शिवाय मर्यादा मोडणारे किती, तेही. न्यूयॉर्कात ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्क वेस्टवर २०१० मध्ये तीनपैकी एक लेन काढून सायकलमार्ग केला. आधी चारांतल्या जवळपास तीन गाड्या ताशी ३० मैलांची मर्यादा मोडत, नंतर साधारण पाचांतली एक. तरी विरोधक कोर्टात गेलेच, पालिकेच्या आकड्यांवर बोट ठेवत!

आणि गाड्या मोजायला रस्त्यावर आडव्या टाकतात त्या रबरी नळ्या शेजारच्या गल्ल्यांतही टाकायला हव्यात, तेही काम सुरू होण्याआधी. नाहीतर वाहतूक खरंच घटली की गल्लीबोळातून पळाली, हे कसं कळणार?